सरासरी अठरा

ताई सकाळी ऑफिसात आली की आधी बॅग खुर्चीला अडकवायची. मग लॅपटॉप उघडण्याआधी फोन काढून हातभर लांब धरायची आणि पुटपुटायची, "सतरा. पाऊस." कधी म्हणायची, "अठरा. आभाळ मोकळं." एवढं झालं की घरून खुशाली कळल्यासारखा तिचा चेहरा निवायचा आणि ती कामाला लागायची.

बाहेर अमेरिकेतल्या अल्फारेटाचा जुलै पेटलेला असायचा. पार्किंगमधून दारापर्यंत येईस्तोवर शर्ट पाठीला चिकटायचा. आम्ही सगळे इथं राहून राहून फॅरनहाइटमध्येच घामाघूम व्हायला शिकलेलो. 'आज नाइन्टी सिक्स जाणार यार' ही आमची भाषा. मग हे सतरा-अठरा कुठलं? बरं, जानेवारीत गाडीच्या काचेवरचा बर्फाचा पापुद्रा खरवडून आम्ही गारठलेल्या बोटांनी आत शिरायचो, तेव्हाही हिचं आपलं, "सोळा. छान आहे."

मी टीममध्ये नवा होतो. इतरांनी आपापले तर्क लढवून ठेवले होते. एकाचं म्हणणं, शेअरचे भाव बघते. दुसऱ्याचं म्हणणं, तिकडे कुठंतरी कॉफीचा मळा घेतलाय. मी एकदा तिच्या मागून जाताना मुद्दाम पावलं हळू केली आणि फोनच्या पडद्यावरचं नाव वाचलं.

"ताई, हे दा लात कुठं आलं?"

"व्हिएतनाममध्ये. डोंगरावर."

"नावातच लाथ आहे म्हणायची."

"लाथ नाही, लात," ती हसली. "आणि तू तुझा रिपोर्ट बघ. त्याला दुपारी खरंच लाथ बसणार आहे."

ती आमची लीड. विम्याच्या दाव्यांचे मासिक अहवाल आमची टीम काढायची. ताई मूळची नागपूरची, वय पन्नाशीच्या अलीकडे, केस बारीक कापलेले, आणि कायम पातळ सुती कुर्ता. पहिल्या दिवशी मी तिला अहो-जाहो करायला लागलो तर म्हणाली, "मला ताई म्हण आणि तू म्हण. नाहीतर रिव्ह्यूमध्ये मार्क कापीन." एरवी ती आमच्यासारखीच धेडगुजरी मराठी बोलायची. चिडली किंवा खूश झाली की मात्र आतलं नागपूर बाहेर यायचं. "काहून घाबरून राहिला?" हे तिनं मला किती वेळा विचारलं असेल!

कारण मी घाबरायचो. एखाद्या दिवशी आकडा भलताच वर गेला की मी धावत तिच्याकडे. ती मान वर न करता म्हणायची, "एका दिवसाचं सांगू नको. सरासरी सांग." मी सरासरी काढायचो. बहुतेक वेळा ती जागच्या जागी असायची. "बघ. कशाला बीपी वाढवतो?" हे तिचं शास्त्रच होतं. कुणाच्या मुलाला गणितात कमी मार्क पडले, कुणाचं बायकोशी भांडण झालं, की ताईचा प्रश्न ठरलेला: "सरासरी काय?" भांडणारा बिचारा मनातल्या मनात हिशोब करायचा आणि बऱ्याचदा हसत परत जायचा.

एक दिवस पॅन्ट्रीतल्या फ्रीजरवरून रामायण झालं. कुणीतरी आइसक्रीम ठेवायला गेलं तर आत पिशवीत घडी करून ठेवलेलं एक निळं जाकीट. त्याला कप्पे, आणि कप्प्यांत गोठलेल्या लाद्या. 'हू पुट क्लोद्ज इन द फ्रीजर?' असा मेसेज अख्ख्या मजल्याला गेला. ताई शांतपणे उठली, ते जाकीट काढलं, सगळ्यांच्या देखत कुर्त्यावरून चढवलं, वरून ओढणी घेतली आणि म्हणाली, "माझं आहे. आइसक्रीमला जागा ठेवलीय शेजारी."

त्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात ती पैठणी नेसून आली होती. सगळ्या बायका तिच्या साडीचं कौतुक करत होत्या. पदराखाली बर्फाचं जाकीट आहे हे फक्त मला ठाऊक होतं, कारण तोवर तिनं मला कारण सांगितलं होतं. सांगितलं तेही कार्यालयीन सूचना द्यावी तसं.

"मल्टिपल स्क्लेरोसिस आहे मला. वायरीवरचं प्लास्टिक उडालंय असं समज. अंग तापलं की करंट पोचत नाही. डावा पाय ऐकत नाही, डोळ्यांपुढं धुरकट होतं. गार झालं की परत नीट."

"मग थंडीत तरी बरं वाटत असेल?"

"थंडीत पाय लाकूड होतो. उन्हाळ्यात मेणबत्ती, हिवाळ्यात लाकूड. मधले थोडे आठवडे मी माणूस असते."

उन्हाळ्यात ती गाडी चालवत नसे. माझं घर वाटेवरच, म्हणून मी तिला नेऊ-आणू लागलो. गाडीत एसी एवढा लावायचा की मागच्या सीटवर मी एक स्वेटर कायमचा ठेवून दिला. बाहेर लोक चड्डी-बनियनवर गवत कापतायत आणि मी स्वेटर घालून गाडी हाकतोय, असं दृश्य आमच्या रस्त्यानं दोन उन्हाळे पाहिलं.

घरी सोडायला गेलो की तिचा नवरा दारात यायचा. मी सांगलीकडचा, त्यामुळे ताईचा नवरा म्हणजे दाजी. दाजी मुंबईत वाढलेले, सडपातळ, सौम्य, आणि अतोनात थंडी वाजणारे. दोघांचं बावीस-तेवीस वर्षांचं लग्न, पण एकाच घरात दोन हवामानं होती. खालचा मजला ताईचा, तिथं गारठा. वरची खोली दाजींची. तिथं ते दार लावून, छोटा हीटर पायाशी घेऊन बसायचे. पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा दाजींनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "खाली बसणार की वर?"

मी खाली बसलो. ताईनं झुणका केला होता. दाजी मफलर गुंडाळून आमच्यासोबत बसले, पहिली भाकरी संपवली आणि "आलोच" म्हणून ताट घेऊन वर गेले. थोड्या वेळानं जिन्याच्या वरच्या टोकावरून आवाज आला, "झुणका आहे का अजून?" ताई वाटी घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत गेली, ते वरून तिथवर उतरले, वाटी हातातून हातात गेली. दोघांना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

त्यानंतरच्या जुलैत, एका संध्याकाळी, जोराचं वादळ झालं. झाडं पडली, आणि त्यांच्या भागातली वीज गेली. वादळ ओसरलं आणि दमट वाफ दाटून आली. मला दाजींचा फोन. एवढा शांत माणूस, पण आवाज ओळखू येईना. "तू गाडी घेऊन ये. आमची गॅरेजमध्ये अडकलीय, दार उघडत नाही. ती खाली पडलीय."

मी पोचलो तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या फरशीवर होती, भिंतीला टेकून. शुद्धीत होती, पण पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे पुढं पसरलेले. अंगावरच्या जाकिटातल्या लाद्यांचं केव्हाच पाणी झालं होतं. दाजी ओल्या टॉवेलनं तिला वारा घालत होते आणि स्वतः घामानं निथळत होते. आम्ही दोघांनी तिला उचलून माझ्या गाडीत मागं झोपवलं आणि मी एसी सोडला. हॉस्पिटलला जाऊ म्हटलं तर ती म्हणाली, "आधी गार होऊ दे. नुसती चालव गाडी."

मग आम्ही हायवेवर नुसते फिरत राहिलो. वर जायचं, एक एक्झिट घ्यायची, वळून खाली यायचं. दाजी पुढच्या सीटवर माझा स्वेटर घालून बसले होते. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "बोटं हलली." दाजींनी मागं हात नेऊन तिचं पाऊल धरलं आणि पुढं बघत राहिले.

त्या गाडीत मला दा लातचा उलगडा झाला. सहा-सहा महिन्यांनी ताईला औषधाचं सलाइन लावायला जावं लागे. तिथली नर्स व्हिएतनामी होती. सुई टोचताना ती सहज म्हणाली होती की आमच्या गावात कुणाकडे एसी नाही आणि हीटरही नाही. ताईला ते खोटं वाटलं. घरी येऊन तिनं शोधलं, तर खरंच. वर्षाची सरासरी अठराच्या आसपास. सगळ्यात थंड महिना सोळा, सगळ्यात गरम महिना वीसच्या आतच.

"तीन-चार अंशांचा फरक रे फक्त! बारा महिन्यांत!" ती आडवी पडल्या पडल्या बोलत होती. "आमच्या नागपुरात सकाळ-दुपारमध्ये याच्या चौपट असतो."

"मग महाबळेश्वर काय वाईट?" मी विचारलं. कुणीही मराठी माणूस हेच विचारेल.

"एप्रिलमध्ये जाऊन बघ, तिथंही तापतं. आणि पावसाळ्यात चार महिने पांघरूण वाळत नाही. उटी बघितली, कोडाईकनाल बघितलं. तिथल्या थंडीत माझं लाकूड होतं."

"एवढंच आहे तर जाऊन का नाही आलीस कधी?"

उत्तर दाजींनी दिलं. "इंटरनेटवर तापमान बघून कुणी गाव बदलतं का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. हे बोलणं त्यांच्यात अनेकदा झालं असणार, जिन्याच्या मधल्या पायरीवर.

पण त्या संध्याकाळनंतर ताईनं ठरवलं. ऑफिसला तिकडून काम करू द्या म्हणून विचारलं, तर देशाबाहेरून परवानगी नाही असं उत्तर आलं. मग तिनं पुढच्या वसंतात बिनपगारी रजा टाकली. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं फोनवरच सुनावलं, "मॉम, यू आर मूव्हिंग बिकॉज ऑफ अ वेदर ॲप?" ताई म्हणाली, "मूव्हिंग नाही, टेस्टिंग." आणि जायला निवडला एप्रिल. तिथला सगळ्यात गरम काळ. "सगळ्यात वाईट महिना आधी बघायचा. तो पास झाला तर बाकीचे होतात."

दाजी गेले नाहीत. त्यांची नोकरी होती आणि त्यांचा विश्वास नव्हता. विमानतळावर मीच दोघांना घेऊन गेलो. ताई व्हीलचेअरवर बसून आत गेली. दाजी परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "घरी गेल्यावर खालचा एसी बंद करू का? पण मग घर ओळखू येणार नाही."

पहिले दोन दिवस ताईचे मेसेज नुसते उड्या मारत होते. खिडकी उघडी ठेवून झोपले. जाकीट फ्रीजरमध्ये ठेवलंच नाही. डोळ्यांपुढचं धुरकट गेलं. तिसऱ्या दिवशी मेसेज नाही, चौथ्या दिवशी नाही. मग एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. डोळे सुजलेले.

"काय झालं ताई? गरम आहे का?"

"नाही रे. हवा एकदम फर्स्ट क्लास. पण सगळ्या गावात सपाट जमीनच नाही!"

नर्सच्या मावशीकडे तिनं खोली घेतली होती. मावशी प्रेमळ, पण घर उतारावर, आणि रस्त्यापर्यंत यायला पायऱ्याच पायऱ्या. वर चढलं की अंग तापतं, तापलं की पाय ऐकत नाही. एकदा मध्येच बसकण मारावी लागली. मावशीच्या शेजाऱ्यानं पाठीवर घेऊन घरी पोचवलं. तेव्हापासून ती खोलीतच होती. खिडकीतून सुंदर हवा येत होती आणि तिला बाहेर जाता येत नव्हतं.

"आयुष्यभर सगळ्यांना सरासरी विचारत बसले," ती म्हणाली. "सरासरीत पायऱ्या दिसत नाहीत ना बाप्पा." आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होतो. मी म्हटलं, "दाजींना सांगू?"

"सांगू नको. 'मी म्हटलं होतं' म्हणतील."

मी सांगितलं. दाजी तसं काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, घरातले झाडून सगळे स्वेटर बॅगेत भरले आणि तिला परत आणायला निघाले. घराची किल्ली माझ्याकडे दिली. "आठवड्यात येतो. झाडांना पाणी घाल."

आठवडा गेला, दुसरा गेला. मी पाणी घालत होतो, पत्रपेटी रिकामी करत होतो आणि त्या घरात वर-खाली दोन्ही मजल्यांवर आता एकच तापमान आहे याचं मला उगाचच वाईट वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात दाजींचा कॉल आला. मागं खिडकी, खिडकीबाहेर पाणी दिसत होतं.

"अरे, तळं आहे इथं. गावाच्या मधोमध. त्याच्या काठानं रस्ता एकदम सपाट. हिनं एवढी वर्षं तापमान बघितलं, नकाशा बघितलाच नाही!"

त्यांनी पायी हिंडून तळ्याजवळ तळमजल्यावरची एक जागा शोधली होती. भाषा येत नव्हती. हातानं जमीन सपाट असल्याची खूण करायची आणि मग पायऱ्यांची खूण करून मान हलवायची, असं घराघरांत विचारत गेले. लोकांना आधी वाटलं, गृहस्थ नाच शिकवतायत. पण कळलं त्यांना.

"आणि इथं ना," दाजी कॅमेऱ्याजवळ येऊन गुपित सांगावं तसं म्हणाले, "सगळे स्वेटर घालतात. बावीस अंशांत! पोरं, बायका, रिक्षावालेसुद्धा जाकिटात. मला पहिल्यांदा कुणी हसलं नाही."

मग त्यांनी फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि मला ती खोली पूर्ण दिसली. ताई पातळ कुर्त्यात, दाजी स्वेटरात, एकाच कोचावर, गरम सोयाबीनच्या दुधाचे पेले घेऊन. खिडकी उघडी. ताई त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि कॉल चालू आहे हे बहुधा विसरली होती. दाजी मात्र माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "किती वर्षांनी, माहितीय?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनीही आकडा सांगितला नाही.

ते परत आले ते घर विकायला. दाजींनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. ताईनं राजीनामा दिला, तेव्हा व्यवस्थापकानं कारण विचारलं. ती म्हणाली, "क्लायमेट सूट होत नाही." त्याला वाटलं, ऑफिसचं वातावरण म्हणतेय. बिचारा तासभर तिला टीममधल्या सुधारणा समजावत होता.

ताई पूर्ण बरी झाली, असं मी सांगणार नाही. हा आजार असा जात नाही. व्हिसासाठी त्यांना अधूनमधून त्या देशाबाहेर जाऊन यावं लागतं, पावसाळ्यात दुपारी तिथं धो धो कोसळतं, आणि बाजार अजूनही पायऱ्यांवरच भरतो. तिथं दाजी एकटेच जातात. सलाइनसाठी दोघं वर्षातून दोनदा अल्फारेटाला येत, माझ्याकडे उतरत. त्या काही दिवसांत माझ्या घरात कुठलं तापमान ठेवायचं यावर चर्चासत्र व्हायचं. या वर्षी आले नाहीत. औषधाची सोय तिकडेच, सायगावमध्ये झाली म्हणे. मुलगीही सुट्टीत तिकडेच जाऊन आली. फोनवर ताई म्हणाली, "आता तूच ये." मी "येतो येतो" म्हणतो.

टीममध्ये आता मी लीड आहे. तिच्या खुर्चीवर एक पुण्याची मुलगी बसते. तिला ताई कोण ते ठाऊक नाही.

परवा सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो तेव्हा दाजींनी पाठवलेला व्हिडिओ आला. मी गाडीतच बसून बघितला. तिकडची संध्याकाळ. तळ्याकाठचा रस्ता, पाण्यावर धूसर उजेड. ताई पाठमोरी चालतेय, हातात काठी, डावा पाय थोडा ओढत, पण चालतेय. शाळेच्या मुली तिच्या बाजूनं पुढं निघून जातात, एक सायकलवाला जातो. ती आपल्या चालीनं पुढं पुढं, लहान लहान होत जाते. चित्रण करता करता दाजी बरेच मागं राहिलेले. मग त्यांच्या ते लक्षात येतं, फोन खाली होतो, आणि पडद्यावर नुसता हलणारा रस्ता, त्यांचे बूट आणि त्यांच्या धापांचा आवाज. फोन बंद करायचा राहून गेलाय. पावलं थांबतात. ताईचा आवाज येतो, अगदी जवळून:

"काहून पळून राहिले तुम्ही? हळू या ना. मी कुठं चालली?"